‘कोणाच्या तुलनेत?’ : लिंगभेदाच्या बातमीचा शोध कुठून सुरू करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका छोट्या वृत्तसंस्थेतल्या, चार वर्षं बातमीदारी केलेल्या पत्रकाराकडे एकाच महिन्यात तीन तक्रारी आल्या. एका कंपनीतल्या इंजिनिअर बाई सांगतात की त्यांच्यानंतर लागलेल्या पुरुष सहकाऱ्याला त्यांच्यापेक्षा जास्त पगार आहे. एका शाळकरी मुलीची आई म्हणते, शाळेत मुलींना मैदान मिळतच नाही. आणि एक खेळाडू सांगते की प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली आणि पुढच्याच निवडीत नाव गळलं. तिघींचं बोलणं खरं वाटतं, पण संपादक विचारतात, ‘पुरावा कुठे आहे?’ तर सुरुवात कुठून करायची, पुरावा कशाला म्हणायचं, या बायकांना झळ पोचू नये म्हणून काय करायचं, आणि पहिली भेट कुठे ठेवायची?

मी हे काम वीस वर्षांहून जास्त काळ करते आहे. सुरुवातीची काही वर्षं मी समोरच्या बाईला विचारत असे, ‘तुमच्यावर काय अन्याय झाला?’ ती सांगायची, मी लिहून घ्यायचे, रात्री झोप लागू नये इतकं ते आत जायचं, आणि बातमी संपादकांच्या टेबलावर अडायची. संपादक चुकत नव्हते. माझ्या वहीत त्या बाईची व्यथा पूर्ण उतरलेली असे, पण तिच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला काय मिळालं याची एक ओळही नसे. भेदभाव म्हणजे दोघांना मिळालेल्या वागणुकीतला फरक. एकीच्याच हकिगतीत तो दिसणार कसा? तेव्हापासून माझा पहिला प्रश्न बदलला: कोणाच्या तुलनेत? तुमच्या तिन्ही तक्रारींना आधी हाच प्रश्न विचारा.

लिली लेडबेटर यांचं प्रकरण मी नव्या पत्रकारांना नेहमी सांगते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गुडइयरच्या टायर कारखान्यात त्यांनी जवळपास १९ वर्षं काम केलं. निवृत्ती जवळ आलेली असताना त्यांना एक निनावी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीत त्यांचा पगार होता आणि खाली त्याच पदावरच्या तीन पुरुषांचे पगार. बाकी काही नाही. पुढे न्यायालयात आलेले आकडे असे होते: १९९७ च्या अखेरीस त्यांना महिन्याला ३,७२७ डॉलर मिळत होते, त्या पदावरच्या सगळ्यात कमी पगाराच्या पुरुषाला ४,२८६ आणि सगळ्यात जास्त पगाराच्या पुरुषाला ५,२३६. इतकी वर्षं त्या काम करत होत्या, आपल्याला दुय्यम वागवलं जातंय हे त्यांना जाणवतही होतं, पण तुलना करायला हातात काही नव्हतं. २००७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी त्यांचा दावा फेटाळला, कारण पगाराचा निर्णय झाल्यापासून १८० दिवसांत तक्रार झाली नव्हती. दुसऱ्याचा पगारच ठाऊक नसलेली बाई १८० दिवसांत तक्रार कशी करणार, हा प्रश्न इतका पेटला की २००९ च्या जानेवारीत त्यांच्याच नावानं कायदा झाला. पत्रकार म्हणून यातून मी एक गोष्ट घेते: पगाराबद्दलची गुप्तता हा भेदभाव टिकवणारा सगळ्यात मजबूत खांब आहे. म्हणून ‘आमच्याकडे पगाराबद्दल बोलायला मनाई आहे’ असं कोणी सांगितलं की ती मनाई कुठे लिहिली आहे, कोणी लिहिली, हे मी त्याच दिवशी शोधायला घेते.

तुलनेला कोणाला घ्यायचं, यावर बातमी उभी राहते किंवा पडते. काम सारखं, हुद्दा सारखा, अनुभव जवळपास सारखा, निर्णय घेणारा साहेब तोच आणि काळही तोच, असा माणूस सापडला तर सोनंच. तसा सहसा सापडत नाही. म्हणून दोघांची नेमणूक पत्रं, दोघांच्या जागेसाठी निघालेल्या जाहिराती, हाताखाली किती माणसं, मागच्या तीन-चार वर्षांचं मूल्यमापन, इन्क्रीमेंटची पत्रं हे सगळं शेजारी शेजारी ठेवा. कंपनी काय म्हणेल ते आधीच लिहून काढा: ‘त्याचं शिक्षण जास्त आहे’, ‘त्यानं मुलाखतीत जास्त मागितलं’, ‘त्या वेळी बाजारात माणसं मिळत नव्हती’. प्रत्येक उत्तर तपासता येण्यासारखं असतं. बीबीसीच्या निवेदिका समीरा अहमद यांच्या प्रकरणात हेच झालं. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांवरच्या कार्यक्रमासाठी त्यांना एका भागाचे ४४० पौंड मिळत होते, आणि तशाच स्वरूपाच्या दुसऱ्या कार्यक्रमासाठी जेरेमी वाइन यांना ३,००० पौंड. संस्थेचं म्हणणं होतं की दोन कार्यक्रम वेगळ्या प्रकारचे आहेत आणि वाइन जास्त प्रसिद्ध आहेत. न्यायाधिकरणानं प्रत्यक्ष काम पाहिलं, संहिता पाहिल्या, आणि जानेवारी २०२० मध्ये निकाल दिला की या फरकामागे लिंगाखेरीज दुसरं कारण होतं हे संस्थेला दाखवता आलेलं नाही.

इथे एक व्यावहारिक गोष्ट. सहकाऱ्याची पे स्लिप मिळवण्यासाठी तुमच्याकडे आलेल्या बाईंना एचआरच्या संगणकात हात घालायला कधीही सांगू नका, सुचवूही नका. त्यांची नोकरी त्याच कारणानं जाईल आणि मूळ तक्रार बाजूला पडेल. त्याऐवजी त्या पुरुषालाच विचारा. मला आजवर जे आकडे मिळाले त्यातले बरेचसे पुरुष सहकाऱ्यांनीच दिलेले आहेत. आपल्या शेजारी बसून तेच काम करणाऱ्या बाईला कमी मिळतं, हे कळल्यावर अस्वस्थ होणारी माणसं असतात. त्यांना फक्त कोणी सरळपणे विचारलेलं नसतं.

कधी कधी तुलनेचा माणूस भलतीकडेच सापडतो. एका संस्थेत मी बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या सात जणींची माहिती गोळा करत होते. सगळ्यांचं म्हणणं एकच: परत आलो तर काम बदललेलं, मूल्यमापन ‘उत्तम’वरून ‘सरासरी’वर. संस्थेचं उत्तर तयार होतं: सहा महिने जागा रिकामी ठेवता येत नाही, पुरुष असता तरी हेच झालं असतं. कितीतरी दिवस मी या उत्तराशी अडले होते. मग एका माजी कर्मचाऱ्यानं सहज सांगितलं की अमुक एक जण शिकायला वर्षभर गेला होता. आम्ही लांब रजेवर गेलेले पुरुष शोधायला लागलो. एक शिक्षणासाठी, एक अपघातामुळे आठ महिने, एक घरच्या आजारपणासाठी. तिघेही आपल्याच खुर्चीवर परतले होते, मधल्या काळात तिथे हंगामी माणूस नेमलेला होता. ‘पुरुष असता तरी हेच झालं असतं’ या वाक्याला आता तीन नावं आडवी आली. ती बातमी छापून आली तेव्हा सातपैकी एकीचंही नाव त्यात द्यावं लागलं नाही.

आता आकड्यांबद्दल, कारण संपादकांना आकडे हवे असतात आणि आकड्यांनीच सगळ्यात जास्त पत्रकार फसतात.

टोकियो मेडिकल युनिव्हर्सिटीचं प्रकरण या विषयातलं माझ्या मते सगळ्यात धडधडीत उदाहरण आहे. २ ऑगस्ट २०१८ रोजी जपानच्या योमिउरी शिंबुन या दैनिकानं बातमी दिली की विद्यापीठ प्रवेश परीक्षेत मुलींचे गुण मुद्दाम कमी करतं. त्या वर्षी १,५९६ मुलगे आणि १,०१८ मुली परीक्षेला बसल्या होत्या. शेवटी निवडले गेले १४१ मुलगे आणि ३० मुली, म्हणजे ८.८ टक्के आणि २.९ टक्के. आधी चौकशी सुरू होती ती दुसऱ्याच गोष्टीची: शिक्षण खात्यातल्या एका अधिकाऱ्याच्या मुलाला लाच म्हणून प्रवेश देऊन त्या बदल्यात फायदा मिळवल्याची. त्यातून हे बाहेर आलं. चौकशीत निघालेली पद्धत अशी होती की निबंधाच्या परीक्षेत सगळ्यांच्या गुणांना ०.८ नं गुणायचं आणि मग ठरावीक मुलग्यांना वीसपर्यंत गुण वाढवून द्यायचे. मुलींना शून्य. किमान २००६ पासून हे चालू होतं. समर्थन काय, तर बायका लग्न-मुलं झाल्यावर डॉक्टरकी सोडतात.

बारा वर्षं! त्या काळात परीक्षेला बसलेल्या प्रत्येक मुलीला वाटलं असेल की आपणच कमी पडलो. मी जेव्हा जेव्हा हे प्रकरण वाचते तेव्हा मला त्या मुलींची आठवण येते. त्यांच्यापैकी कोणीही तक्रार करू शकत नव्हती, कारण एकट्या उत्तरपत्रिकेत काहीच दिसत नव्हतं. म्हणून तुमच्याकडे तक्रार येण्याची वाट न पाहता आकडे मागत राहा. अर्ज किती, पहिल्या फेरीत किती, मुलाखतीला किती, शेवटी किती. हे टप्पे सुटे सुटे मागा. गळती ज्या टप्प्यावर अचानक वाढते तिथे कोणाच्या हातात गुण असतात, ते पाहा.

पण याच्या उलट बाजूही माहीत हवी. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी ८,४४२ पुरुषांनी अर्ज केले, त्यातल्या ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला. ४,३२१ बायकांनी अर्ज केले, त्यातल्या ३५ टक्क्यांना. वर वर पाहता उघड भेदभाव. तिथल्याच अभ्यासकांनी विभागवार आकडे काढले तेव्हा चित्र बदललं: बहुतेक विभागांत बायकांवर अन्याय दिसेना, काही ठिकाणी त्यांचं प्रमाण किंचित जास्तच होतं. बायकांनी जास्त अर्ज केले होते ते ज्या विभागांत जागा कमी आणि गर्दी फार, तिथे. १९७५ मध्ये सायन्स या नियतकालिकात हा अभ्यास छापला गेला. त्या दोन टक्केवाऱ्यांवर घाईघाईत मथळा दिला असता तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापायची वेळ आली असती. पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि त्या अभ्यासकांनीही संपवली नाही. मुली त्या गर्दीच्या विभागांकडेच का वळतात, शाळेपासून त्यांना कुठे वळवलं जातं, हा पुढचा शोध. भेदभाव नाहीसा झालेला नव्हता, तो आधीच्या पायरीवर होता. तुम्ही कंपनीचे आकडे घ्याल तेव्हा हुद्द्यानुसार, विभागानुसार, सेवेच्या वर्षांनुसार फोडून पाहा, आणि फोडल्यावर फरक विरघळला तर बायका खालच्याच हुद्द्यांवर का आहेत, हे विचारायला घ्या.

याच कारणासाठी ‘वेतनातली तफावत’ आणि ‘समान कामाला असमान वेतन’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. पहिली म्हणजे संस्थेतल्या सगळ्या पुरुषांची आणि सगळ्या बायकांची एकूण तुलना. दुसरी बहुतेक देशांत थेट कायदेभंग. ब्रिटननं २०१७ पासून २५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या संस्थांना ही तफावत जाहीर करायला लावली. त्याच वर्षी फायनान्शियल टाइम्सच्या पत्रकारांनी आलेले आकडे तपासले तर साधारण वीसातल्या एका कंपनीचे आकडे संख्याशास्त्रानुसार जवळपास अशक्य निघाले. काहींनी सरासरी आणि मध्यक (पगार चढत्या क्रमानं लावले की मधोमध येणारा आकडा) दोन्हींत शून्य फरक दाखवला होता. इतका नेटका शून्य खऱ्या पगारपत्रकात जवळपास येतच नाही. जाहीर झालेला आकडाही कोणीतरी भरलेला असतो, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

कागदच नसेल तर? नकार बहुतेक वेळा तोंडी असतो, फाटकावर किंवा फोनवर. रॉयटर्सनं जून २०२४ मध्ये तामिळनाडूतल्या फॉक्सकॉनच्या आयफोन कारखान्यात विवाहित बायकांना जुळणीच्या कामावर घेणं टाळलं जातं, अशी बातमी दिली. कंपनीनं भेदभावाचा आरोप नाकारला. पण पत्रकार नाकारल्या गेलेल्या उमेदवारांपाशी थांबले नव्हते. भरती करून देणाऱ्या एजन्सींमधली माणसं आणि एचआरमधले आजी-माजी अधिकारी यांच्याशी ते बोलले होते, भरतीच्या जाहिराती जमवल्या होत्या. तोंडी नियमालाही निरोप्या लागतो. साहेबानं सांगितलेलं मधल्या माणसाला, मधल्यानं फाटकावरच्याला. यातला मधला माणूस शोधा. आणि आता नकार माणूसच देईल असंही नाही. २०१८ मध्ये रॉयटर्सनंच उघड केलं की अ‍ॅमेझॉननं बायोडेटा चाळण्यासाठी बनवलेली प्रायोगिक प्रणाली महिलांच्या संघांचा, महिला मंडळांचा उल्लेख असलेले बायोडेटा खाली ढकलत होती, कारण ती दहा वर्षांच्या, बहुतांशी पुरुषांच्या बायोडेटांवर शिकली होती. कंपनीनं तो प्रकल्प गुंडाळला.

शाळेबद्दल थोडक्यात सांगते. तिथे भेदभाव वेळापत्रकात असतो. मैदान, प्रयोगशाळा, संगणक कक्ष, क्रीडा साहित्य यांची वाटणी कोणत्या तासाला कोणाला, हे कागदावर असतं आणि ते मागता येतं. ‘मुलींना खेळाची आवडच नाही’ असं शाळा म्हणेल. मुलींना मैदान कोणत्या वेळी मिळतं ते पाहा. भर दुपारी, किंवा शेवटच्या तासाला जेव्हा बस सुटायची वेळ असते, तर ती आवड कशी मोजणार? सलग तीन आठवडे स्वतः जाऊन मैदानावर कोण आहे, किती वेळ आहे, याची नोंद करा. ही साधी नोंद कितीतरी मुलाखतींपेक्षा वजनदार ठरते. शिस्तीची नोंदवही मिळाली तर कपड्यांवरून कोणाला किती वेळा शिक्षा झाली ते मोजा. आणि मुलांशी बोलायचं तर पालकांच्या संमतीनं, शिक्षकांच्या गैरहजेरीत, नाव-वर्ग-फोटो काही न देता. तक्रार करणाऱ्या आईची मुलगी त्याच शाळेत अजून काही वर्षं काढणार आहे. शाळेला विचारण्याआधी आणखी दोन-तीन कुटुंबं तयार आहेत ना, याची खात्री करा, म्हणजे बोट एकाच घराकडे जाणार नाही.

खेळाकडे मी जास्त थांबते, कारण तिथे सत्ता सगळ्यात उघडी आणि तरी सगळ्यात कमी तपासलेली आहे. खेळाडूचं वय कमी, कारकीर्द छोटी आणि निवड एकाच माणसाच्या हातात. बोललीस तर बाहेर, हे कोणी म्हणावंही लागत नाही.

सोयींमधला भेद पकडणं तुलनेनं सोपं आहे. मार्च २०२१ मध्ये अमेरिकी विद्यापीठांच्या बास्केटबॉल स्पर्धेत सेडोना प्रिन्स या खेळाडूनं एक छोटा व्हिडिओ टाकला: पुरुषांसाठी भरगच्च व्यायामशाळा, बायकांसाठी डंबेलचा एक स्टँड. संयोजकांनी जागेचं कारण दिलं होतं. तिनं कॅमेरा फिरवून शेजारचा रिकामा हॉल दाखवला. त्यानंतर संघटनेला बाहेरच्या कायदेतज्ज्ञांकडून चौकशी करून घ्यावी लागली, आणि ऑगस्टमध्ये आलेल्या अहवालात पुरुषांच्या स्पर्धेला झुकतं माप दिल्याचं नमूद झालं. तुम्हीही असंच करू शकता: प्रवासाचे दिवस आणि वर्ग, राहण्याची सोय, सोबत फिजिओ आहे की नाही, सरावाला कोणती वेळ, बक्षिसाची रक्कम. दोन्ही संघांचे रकाने शेजारी शेजारी भरायचे. आणि नियमही वाचायचा. धावपटू द्युती चंद हिला २०१४ मध्ये शरीरातल्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या नैसर्गिक पातळीवरून संघाबाहेर ठेवलं. तो नियम फक्त महिला खेळाडूंना लागू होता. तिनं क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि २०१५ मध्ये लवादानं नियम स्थगित केला, कारण जास्त टेस्टोस्टेरॉनमुळे नेमका किती फायदा होतो याचा पुरेसा पुरावा अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक महासंघाला देता आला नाही.

तुमच्याकडे आलेल्या खेळाडूचं प्रकरण अवघड आहे, कारण त्यात तक्रारीचा सूड घेतल्याचा आरोप आहे. इथे माझा सल्ला असा: प्रशिक्षकाच्या मागे लागण्याआधी तक्रारीच्या मागे लागा. कागद कोणाला दिला, कोणत्या तारखेला, त्यावर शिक्का आहे का, पुढे कोणाकडे गेला, कुठे थांबला. इंडियानापोलिस स्टार या दैनिकाच्या पत्रकारांनी हेच केलं होतं. ४ ऑगस्ट २०१६ ला त्यांनी बातमी दिली की अमेरिकेची जिम्नॅस्टिक्स संघटना प्रशिक्षकांविरुद्धच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी पोलिसांकडे न पाठवता फायलीत ठेवते. जॉर्जिया राज्यातल्या एका खटल्याच्या कागदपत्रांतून त्यांना कळलं होतं की अशा ५४ प्रशिक्षकांच्या फायली संघटनेकडे होत्या. त्या बातमीत संघटनेच्या संघाचा डॉक्टर लॅरी नासर याचं नावही नव्हतं. ती वाचून रेचल डेनहॉलंडर या माजी जिम्नॅस्टनं दैनिकाला लिहिलं आणि सप्टेंबरमध्ये नासरनं केलेल्या लैंगिक अत्याचारांची बातमी आली. जानेवारी २०१८ मध्ये त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली, त्याआधी दीडशेहून जास्त बायका-मुली न्यायालयात बोलल्या. एका माणसाचा शोध घेत बसले असते तर कदाचित हे झालं नसतं. तक्रारी कुठे जिरतात हे दाखवल्यावर तक्रार करणाऱ्यांना कळलं की इथे कोणीतरी ऐकतंय.

मग तारखांचा तक्ता करा. तक्रारीआधीच्या निवडी, तिची कामगिरी, तक्रारीची तारीख, नंतरची निवड, आणि तिच्याऐवजी घेतलेल्या खेळाडूची त्याच काळातली कामगिरी. निवडीचे निकष लेखी होते का? आधीपासून होते की यंदाच आले? निवृत्त झालेल्या खेळाडूंना आधी भेटा. त्यांच्या निवडीची दोरी आता कोणाच्या हातात नसते. त्याच प्रशिक्षकाच्या हाताखालून गेलेल्या जुन्या संघांची यादी काढा आणि एकेकीला फोन करा. चाळीस फोनांत चार जणी बोलल्या तरी पुष्कळ झालं.

पडताळणीबद्दल मला अगदी कळकळीनं सांगायचंय. रोलिंग स्टोन मासिकानं नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या सामूहिक बलात्काराची मोठी बातमी छापली आणि एप्रिल २०१५ मध्ये ती मागे घेतली. कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागानं तपासलं तेव्हा दिसलं की त्या मुलीच्या ज्या तीन मित्रमैत्रिणींचा उल्लेख होता त्यांच्याशी बोलणंच झालं नव्हतं, आणि संबंधित संस्थेला प्रतिक्रिया मागताना नेमका आरोप काय ते सांगितलं नव्हतं. त्या एका बातमीचा दाखला देऊन नंतर किती खऱ्या मुलींना खोटं ठरवलं गेलं असेल! म्हणून मी पहिल्याच भेटीत सांगते: ‘तुम्ही सांगताय ते मी तपासणार आहे. तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही. उद्या कोणी प्रश्न विचारला तर उत्तर माझ्याकडे असावं म्हणून.’ बहुतेक जणींना याचं बरंच वाटतं. आजवर त्यांचं कोणी तपासावं इतकं मनावरच घेतलेलं नसतं. त्या दिवशी तिनं कोणाला फोन केला, कोणाला मेसेज पाठवला, डायरीत काय लिहिलं, डॉक्टरकडे गेली का, हे विचारा. आणि आरोप असलेल्या माणसाला संपूर्ण आरोप, मुद्देवार, लेखी आणि पुरेसा वेळ देऊन पाठवा. त्यानं कागद दाखवून तुमचा एखादा मुद्दा खोडला तर तो मुद्दा काढा. तुमच्याकडे आलेल्या बाईचं रक्षण त्यानंच होतं.

सुरक्षिततेच्या बाबतीत काही गोष्टींवर मी कधीच तडजोड करत नाही. कंपनीचा ईमेल, कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचं वायफाय यांवरून एक अक्षरही नाही. कागद हातात आला की पहिला प्रश्न: याच्या किती प्रती आहेत, कोणाकोणाकडे? तीनच जणांकडे गेलेला मेल जसाच्या तसा छापला तर पाठवणारी संध्याकाळपर्यंत सापडते. अशा वेळी कागद छापू नका, त्यातली माहिती दुसऱ्या मार्गानं पक्की करून लिहा. स्क्रीनशॉटवर वेळ, बॅटरीची टक्केवारी, कोपऱ्यातलं नाव असतं. ‘नाव देऊ नका’ एवढ्यानं भागत नाही. वय, विभाग, रुजू झाल्याचं वर्ष एकत्र आलं की नाव उघडच होतं. संमती टप्प्याटप्प्यानं घ्या: बोलण्याची, लिहिण्याची, नावाची, फोटोची वेगवेगळी. आणि कोणत्या दिवसापर्यंत तिला माघार घेता येईल ते आधीच ठरवा.

गोपनीयतेच्या करारावर सही केलेली बाई भेटली तर तिला बोलायला भाग पाडू नका. करार आधी वकिलाला दाखवा. न्यूयॉर्क टाइम्सनं ५ ऑक्टोबर २०१७ ला हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीन याच्यावरच्या लैंगिक छळाच्या आरोपांची बातमी दिली त्यात बायकांशी पैसे देऊन केलेल्या किमान आठ तडजोडींचा उल्लेख होता. अशा तडजोडीचा माग लेखा विभागात, वकिलांकडे, तेव्हाच्या सहकाऱ्यांकडेही राहतो, आणि त्या सगळ्यांनी सही केलेली नसते. कायदा देशागणिक बदलतो, तो वाचूनच पुढे जा. भारतात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यातलं १६ वं कलम तक्रारदार, आरोपी, साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीचा तपशील जाहीर करायला मनाई करतं. हे ठाऊक नसलेला पत्रकार त्या बाईलाच अडचणीत आणतो. सार्वजनिक संस्थांच्या बाबतीत माहिती अधिकार वापरा, चिकाटीनं वापरा. मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या महिलांच्या स्थितीवरचा न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल ३१ डिसेंबर २०१९ ला सरकारकडे गेला आणि लोकांसमोर आला १९ ऑगस्ट २०२४ ला, तोही माहिती अधिकाराखाली अपिलं होऊन, काही भाग वगळून. साडेचार वर्षांहून जास्त काळ कोणीतरी तो कागद मागत राहिलं.

बातमी छापून आली की काम निम्मं झालं असं समजा. त्या दिवशी सकाळी, बाकी जगाच्या आधी, त्या बाईला फोन करा. आठवड्यानं करा, तीन महिन्यांनी करा. बदली, अचानक आलेली कारणे दाखवा नोटीस, सहकाऱ्यांनी बोलणं टाकणं, ही पुढची बातमी असते. आणि आकडे पुन्हा मागा. टोकियोच्या बातमीनंतर जपानच्या शिक्षण मंत्रालयानं सगळ्या ८१ वैद्यकीय महाविद्यालयांची प्रवेशप्रक्रिया तपासली, आणखी ठिकाणी तसेच प्रकार निघाले. २०२१ च्या प्रवेशांत त्या ८१ ठिकाणी मिळून मुलींच्या उत्तीर्ण होण्याचं प्रमाण १३.६० टक्के आणि मुलग्यांचं १३.५१ टक्के होतं. मुली पुढे गेल्याची नोंद पहिल्यांदाच झाली. हातातलं वजन काढून घेतल्यावर तराजू कुठे थांबला, ते त्या दोन आकड्यांत आहे.

राहिला शेवटचा प्रश्न, पहिल्या भेटीचा. ऑफिसजवळ नको, शाळेच्या फाटकाशी नको, मैदानाच्या आसपास तर मुळीच नको. जागा तिला सुचवू द्या, जिथे असण्याचं कारण तिला कोणाला सांगावं लागणार नाही अशी. सोबत कोणाला आणायचं असेल तर आणू द्या. छायाचित्रकाराला नेऊ नका. पहिला अर्धा तास वही आणि रेकॉर्डर दोन्ही पिशवीतच राहू द्या, आणि तुम्ही कोण, बातमी कशी होते, त्यात तिच्या हातात काय राहील, हे तुम्हीच बोला. निघताना एवढंच ठरवून घ्या: कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळी फोन केलेला चालेल, आणि दुसऱ्याच कोणी उचलला तर तुम्ही कोण म्हणून सांगायचं.